खोलीतला वास

बाबांच्या खोलीतला वास घरात कुणालाच सोसवेना. सून नाकाला रुमाल लावून त्यांचं ताट दाराशीच ठेवी आणि बाबा कातडी लाल होईस्तोवर अंगाला साबण चोळत. शेवटी त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं. खोली पाहुण्यांसाठी हवी म्हणून मुलानं बाबा निघायच्या दिवशी सकाळीच एसी साफ करायला माणूस बोलावला.

एसीवाल्यानं झाकण काढलं आणि झटकन तोंड फिरवलं. "अहो, आत उंदीर सडलाय! आजोबा, कसे झोपत होतात इथं?"

"मला वाटलं, वास माझाच येतोय," बाबा म्हणाले.

उंदीर बाहेर गेला, खोली धुतली. सून म्हणाली, "बाबा, आता राहिलात तरी चालेल."


बाबांनी भरलेली बॅग उचलली, नाकाला रुमाल लावला आणि ते घराबाहेर पडले.