फुल रेंज

फुकटचं वायफाय सुरू केल्यापासून वाचनालयाच्या बाईंच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. पुस्तकांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. जो तो येऊन टेबलावर टकटक करायचा, "बाई, नेट गेलं का हो?"

वर प्रत्येक जण राऊटरची बटणं दाबून बघायचा. शेवटी वैतागून बाईंनी तो भिंतीवरच्या वीतभर कपाटात कोंबला, कुलूप ठोकलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. त्याला आता अकरा दिवस झाले होते.

तरी नेट रांगतच होतं. आज दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून, त्यांनी नेटवाल्याला फोन केला. त्याने आपल्या ऑफिसातूनच यादी बघितली.

"बाई, एक मोबाईल अजून जोडलेला आहे. अकरा दिवसांत एकदाही सुटला नाही."

"अहो, इथे माझ्याशिवाय चिटपाखरू नाही! आणि माझा मोबाईल मी वायफायला जोडतच नाही."

"पण याला फुल रेंज आहे. तुमच्या टेबलापाशीसुद्धा एवढी येत नाही. हा राऊटरला अगदी खेटून बसलाय."

"बसू दे नाहीतर झोपू दे! माणशी दोन तास म्हणजे दोन तास. तोडा त्याला."

"तोडला."

बाईंनी फोन ठेवला, हुश्श केलं आणि डबा उघडला.

भिंतीवरच्या कपाटाच्या दारावर आतून टकटक झाली.

"बाई," कोणीतरी अदबीने विचारलं, "नेट गेलं का हो?"