सोळाच्या आतले

"नऊ वाजू देत, त्या भवानीचा बाजारच उठतोय," आई म्हणाली आणि तिने हातातल्या चष्म्याची काडी इतक्या रागाने वाकवली की ती तुटलीच. गिऱ्हाइकाचा चष्मा होता. दुकानातलं काम घरी आणू नये हे तिला कळत होतं. पण आज लेकीला सोडून जायला तिचं मन घेत नव्हतं.

भवानी म्हणजे खालच्या मजल्यावरची मुलगी, लेकीची जिवलग मैत्रीण. सोशल मीडियावरचं 'खवचट' नावाचं खातं तीच चालवते, याबद्दल आईला तिळमात्र शंका नव्हती. लेकीच्या दातांना तारा बसल्या आणि खवचटच्या अंगात आलं. लेकीच्याच खात्यावरचा एखादा फोटो उचलायचा आणि खाली विचारायचं, 'कुंपणात आज काय अडकलं?' हसायला ही गर्दी! चौदा वर्षांची पोर तोंडावर हात धरल्याशिवाय बोलेनाशी झाली, मग शाळेतच जाईनाशी झाली.

शेवटी आईने खाली जाऊन, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा त्या मुलीचा उद्धार केला. "काकू, शप्पथ, मी नाही हो," म्हणत ती रडली. नाटकं नुसती! आईला तिची मानगूट धरावीशी वाटली होती.

"अगं ताई, जरा दमाने घे," मामा म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. नोकरी सुटल्यापासून इथेच राहत होता. त्या भांडणातून तोच तिला ओढून वर घेऊन आला होता. घरात अलीकडे कुणी हसलंच तर याच्या नकलांमुळे. "कायद्याने कुठे पोरं सुधारतात?"

"नाही सुधारली तरी चालेल. तोंड बंद झालं तरी पुष्कळ."

आजपासून सोळा पूर्ण नसलेल्यांची खाती बंद. मोठ्यांनी ओळखपत्र दाखवून आपलं वय आधीच सिद्ध करायचं होतं. या कायद्यासाठी आईने दुकानात येईल त्याची सही घेतली होती, नंबर तपासायच्याही आधी.

नऊ वाजले. लेकीचं खातं गेलं. खालच्या मुलीचंही गेलं.

"बरी जिरली!" आईच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. तिने लेकीला टेबलाशी बसवून पुढ्यात पाव आणि दूध ठेवलं. "खा निवांत. आता कुणी बघत नाही."

पोरीने तोंडावरचा हात काढला आणि मोठा घास घेतला. समोर बसलेल्या मामाने फोनमधून डोकं वर काढून असं काही तोंड वेंगाडलं की ती घासासकट खळखळून हसली. किती दिवसांनी!

आईने आपल्या फोनवर खवचट शोधलं. नसणारच, तरी खात्री केलेली बरी.

खातं उघडलं. नावापुढे हिरवी खूण होती: 'वय तपासले, प्रौढ'. खाली नुकताच टाकलेला फोटो. भरल्या तोंडाने हसणारी लेक, टेबलाच्या समोरच्या खुर्चीवरून टिपलेली.