पाय मुरगळलेली नायिका

दिवाळी अंकासाठी सुमित्राबाईंनी लिहिलेल्या प्रेमकथेची पक्की प्रत त्यांचे यजमान दत्तारामच करून द्यायचे. निवृत्त तलाठ्याचं अक्षर मोत्यासारखं. यंदा मात्र तिसऱ्याच पानावर त्यांचं पेन थांबलं, तशी फणसाच्या आठळ्या सोलणाऱ्या सुमित्राबाईंची मान खाली गेली.

कथेत भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बसलेल्या पंचविशीच्या शेलाट्या नायिकेचा पाय मुरगळलेला असतो, तिला उठता येत नाही. नायक दोन्ही हात देतो, दोघंही धपकन खाली बसतात आणि तो हसत म्हणतो, “राहू दे. बसूया अजून. तुला सोडून मला कुठं जायचंय?”

“हे आपलंच ना गो, गेल्या माघातलं?”

सुमित्राबाईंनी पदर पोटावरून ओढून घेतला. साठाव्या वर्षी, नव्वद किलोंच्या त्यांचा पायबिय काही मुरगळला नव्हता.

“अहो, जाड्या म्हातारीचं प्रेम कोण वाचणार? लोक हसतील.”

दत्तारामांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद बायकोपुढे सरकवला.

“बाकी सगळं मी लिहितो. नायकाचं तेवढं वाक्य तूच लिही. मी ते ह्या शेलाटीला नव्हतं म्हटलं.”