म्हातारीचा धूर

“पुन्हा नापास,” म्हणत पीयूसीवाल्यानं अँबॅसिडरच्या धुराच्या नळीतून यंत्राची सळई ओढून काढली.

सत्यशीलानं नाकाला पदर लावला. धुरात पेट्रोलखेरीज आणखी कसला तरी वास होता. ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना.

तिचे यजमान मुखरूभाऊ पुढच्या सीटवरूनच म्हणाले, “धूर कोणत्या रंगाचा आहे वो?”

“पांढरट. निळसर झाक आहे,” सत्यशीलानं सांगितलं.

“हं,” ते म्हणाले.

स्टिअरिंगवर पत्रू मेकॅनिक होता. “यंत्रापाशी मेकॅनिकच बरा,” असं म्हणून मुखरूभाऊंनी या खेपेलाही किल्ली त्याच्याच हाती दिली होती. पत्रूनं वरोऱ्याच्या रस्त्याकडं बोट केलं. “ते कोळशाचे ट्रक पाहा काकी, काळे ढग सोडून राह्यले. ते पास, अन् आपली म्हातारी नापास!”

सत्यशीला हसली नाही. हा हसतो कशाला, हेच तिच्या मनात आलं.

पीयूसी नाही तर जुन्या गाडीची नोंदणी पुढं वाढणार नव्हती, आणि नोंदणी नाही तर गाडी रस्त्यावर येणार नव्हती. धाकट्या दिव्यानीचं लग्न तोंडावर आलं होतं. साखरपुड्यात मुखरूभाऊ भरल्या मांडवात बोलून बसले होते, “मोठी पुनम याच गाडीतून गेली. दिव्यानीलेही मीच आपल्या हातानं गाडी चालवत आरमोरीले पोचवन.” ब्रह्मपुरीकडची ती जंगलाची वाट त्यांच्या पायाखालची. पोरीनं तेच धरून ठेवलं. मुलाकडच्यांनी देऊ केलेली नवीकोरी गाडी तिनं साफ नाकारली होती. “बाबाच्या गाडीतून जाईन, नाई तर पायी जाईन,” म्हणाली.

आणि हा पत्रू! मागच्या दिवाळीत दारात येऊन म्हणाला होता, “काकी, गाडी विकाची असन तर मले सांगजा. दुसऱ्याले देऊ नोका.” नापास गाडी म्हणजे भंगार. भंगार शेवटी कोणाच्या दारी जाणार? मनातसुद्धा कोणावर आळ घेणं पाप, म्हणून सत्यशीला रोज देवापुढं कान धरी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संशय घेई.

घरी आल्यावर मुखरूभाऊ उतरले ते थेट तुळशीपुढच्या रांगोळीतूनच चालत गेले.

“अवो, रांगोळी! कालही तुडवली.”

“ध्यान नाई राह्यलं वो,” ते म्हणाले, आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा गाडीवरून हात फिरवत उभे राहिले.

सत्यशीला देवघरात गेली. समईच्या तिळाच्या तेलाची बाटली पुन्हा तळाला गेली होती. दिव्यानी केसांना लावत असणार. चार दिवसांची पाहुणी पोर, तिला काय बोलायचं?

जेवताना तिनं विषय काढला. “पत्रूवर नजर ठेवा जरा. तोच काहीतरी करून राह्यला.”

मुखरूभाऊंचा घास हातातच राहिला. “त्याचं नाव घेऊ नको. पोरगं सोन्यासारखं आहे. म्हातारीच थकली आता.”

एवढी कड घेतात काऊन, तिला वाटलं. संशय आणखीच घट्ट झाला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गॅरेजवर गेली आणि बोलायचं ते बोलली, हळू आवाजात, पण सगळं. पत्रूनं हातातला पाना खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता.

“काकी, कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले. माह्या हातून सुटते तवा धुराचा पत्ता नसते. मंग रातभर उभी कुठी राह्यते? तुमच्या आंगनात. मले विचाराच्या आधी त्या आंगनाले विचारा.”

त्याच दिवशी पत्रूनं गाडी गॅरेजवर नेऊन पुन्हा एकदा टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं आणि संध्याकाळी गाडी अंगणात आणून लावली. “उद्या शेवटची खेप,” म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला.

सकाळची समई लागेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, हा सत्यशीलाचा लग्नापासूनचा नेम. पूजा आटोपली की ती घंटी वाजवी, तेव्हा घराला कळे, आता बाई बोलणार. त्या दिवशी अंघोळ करून ती देवघरात गेलीच नाही. बांगड्या पदरात गुंडाळून अनवाणी पायांनी अंगणात आली आणि तुळशीआड बसली. पत्रू कुंपणावरून कसा येतो ते आज बघायचंच होतं.

उजाडलं. कोवळं ऊन अंगणात उतरलं. कुंपणापाशी कोणी आलं नाही.

मागचं दार कुरकुरलं. मुखरूभाऊ बाहेर आले. त्यांचा एक हात भिंतीवर होता, दुसऱ्या हातात तेलाची बाटली होती, देवघरातली, कालच तिनं भरून ठेवलेली. भिंतीवरचा हात गाडीवर आला, डिकीवरून सरकत पेट्रोलच्या टाकीपाशी थांबला. त्यांनी झाकण काढलं आणि बाटली तिरपी धरली.

तिळाचा वास सुटला, आणि धुरातला तो ओळखीचा वास सत्यशीलाला लख्ख आठवला.

तिच्या अंगाची आग झाली. स्वतःच्या पोरीशी हे वैर? एका निरपराध माणसावर आळ येऊ देऊन? शब्द ओठांवर आले आणि नेमानं ते तिथंच अडवले. ती तरातरा पुढं गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. करा म्हणावं आता मान वर!

मुखरूभाऊंनी मान वर केली. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर होतं आणि दोघांमध्ये हातभर अंतरही नव्हतं. ते थेट तिच्या डोळ्यांत बघत राहिले, समोर कोणीच नसल्यासारखे, आणि बाटली रिकामी होईपर्यंत तेल ओतत राहिले.