हेडफोनची वायर

माहेराहून आणलेली बाळाची पिशवी रिकामी करताना लंगोटांखाली नवऱ्याच्या हेडफोनची चार्जिंगची वायर सापडली. आठवड्यापूर्वी जाताना घाईत तीही कोंबली गेली होती. तसल्या पिनेची घरात ती एकच. म्हणजे हेडफोन आठवडाभर बंदच! आणि काल बाळ रडून लालबुंद झालं, "अरे, याला जरा घेतोस का?" म्हणून ती तीनदा ओरडली, तेव्हाही ते त्याच्या कानांवरच होते. "ओरडू नकोस गं," सासूबाईंनी तिलाच झापलं होतं, "हेडफोनमध्ये बिचाऱ्याला काहीच ऐकू येत नाही." आत्ताही तो कानांवर तेच चढवून टाइप करत बसला होता. बाळाला कडेवर घेऊन ती खुर्चीमागे उभी राहिली आणि हळूच लेकाला म्हणाली, "चल रे राजा, आपण आता मामाकडेच राहू." टाइप करणारी बोटं थबकली. हेडफोन मात्र उतरले नाहीत. तिने वायर परत लंगोटांखाली ठेवली.