तारामतीची पहिली खेप

किल्लारीच्या स्टँडवर तारामतीच्या जीपची पहिली खेप होती. सासरे दगडोबा चपला आतच काढून स्टेरिंगला हळद-कुंकू लावून, नारळ फोडायला तसेच अनवाणी खाली उतरले. धा पाशिंजर बसले. तारामतीनं क्लच दाबला, पर गियर काही पडंना. नुसतं कर्र कर्र.

"गियरबॉक्स गेला," दगडोबा म्हणले. "पोरी, बाईमाणसाचं काम न्हाई हे. चावी दे, आपला धाकला वैजनाथ चालवील."

पाशिंजर उतरून दुसऱ्या जीपकडं निघाले.

"जरा दम धरा, मामा." तिनं इंजन बंद केलं. बंद गाडीत गियर लोण्यावाणी पडला. पुन्हा चालू केलं, पुन्हा कर्र.

"गियरबॉक्स ठणठणीत हाय. क्लचच पुरा दबंना." ती वाकली, क्लचच्या खाली हात घातला आन सासऱ्याची चप्पल भाईर काढली.

"ही घाला पायात, आन या म्होरल्या शिटावर."

मंग गियर असा पडला की आवाजच न्हाई. जीप हालली तसे दगडोबा खिडकीतून निम्मे भाईर येऊन वरडले, "चला औसा, औसा, लातूर! बसा बिनघोर, माझी सून चालवायलीय!"