दारातली शाळा

"शाळेजवळ गांजा लावला, म्हणून शिक्षा कमी करता येत नाही, असं लिहिलंय." दौंडच्या आपल्या खोलीत वकील आनंदरावांनी निकालाचा कागद अनसाबाईंपुढे सरकवला.

अनसाबाईंचं डोकंच फिरलं. पोलिसांनी बांधावरची गांजाची चार झाडं मुळं-मातीसकट तोलून वजन फुगवलं होतं. म्हणून तर वरच्या कोर्टानं त्यांच्या मुलाची, हनुमंताची शिक्षा नव्यानं ठरवायला प्रकरण खाली पाठवलं होतं. आता पोरगा सुटलाच, असं धरून त्यांनी त्याची गोधडीसुद्धा धुऊन ठेवली होती. आणि झालं काय? चार वर्षं ती चारच.

"अवं, शाळा कुठली? आमचा गोठा हाय त्यो!"

"गोठ्यात वस्तीशाळा भरते ना?"

"भरती की. लहान पोरांना खुटबावची शाळा लांब पडती म्हणून माझ्या हनुमंतानंच जागा दिली. म्हशी भाईर बांधल्या. भाडं बी घेतलं न्हाई."

"तेच नडलं, मावशी. सरकारी वकिलांना ही शाळा माहीतच नव्हती. कोर्टाला सांगितलं कुणी?"

सांगितलं होतं अनसाबाईंनीच. आपला पोरगा भला आहे हे साहेबांना कळावं, म्हणून शाळेच्या जागेबद्दल ग्रामपंचायतीनं दिलेलं सन्मानपत्र भिंतीवरून काढून, पदरानं पुसून त्या कोर्टात घेऊन गेल्या होत्या. न्यायाधीशांनी ते नीट वाचलं आणि झाडांपासून शाळा किती लांब, एवढंच विचारलं. लांब कुठली सायेब, दारातच हाय, असं त्यांनी केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं! आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

आनंदरावांनी चष्मा चढवून कोरा कागद पुढं ओढला. "अपील करू. त्याच्या वागणुकीचा मुद्दा पुन्हा घालू. बरं, हनुमंतानं गावात आणखी काय चांगलं केलंय? आठवून सांगा."

आठवायला कशाला हवं? पाण्याच्या टंचाईत त्यानं आपली विहीर साऱ्या वस्तीला मोकळी केली होती. शेजारच्या बन्सीच्या आंधळ्या म्हातारीला दोन वर्षं दवाखान्यात नेलं-आणलं होतं. सगळं अनसाबाईंच्या ओठावर आलं. त्यांनी ते गिळलं.

"काय बी न्हाई, सायेब," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरानं जन्मात कुणाचं भलं केलं न्हाई. तसंच लिवा."